जवसाचं तेल

कवडू हवालदाराची रायफल पौषाच्या थंडीत बिघडली. गोळी भरली जाई, बोल्ट नीट बंद होई. पण चाप ओढला की आतली पिन काडतुसावर आपटण्याऐवजी सावकाश पुढे सरके. गोळी उडतच नसे. दुपारी ऊन चढलं की मात्र तीच रायफल ठाकठीक.

पल्टणीतून निवृत्त झाल्यावर कवडूला तहसिलीच्या खजिन्यावर पहारा मिळाला होता. आता त्याची बावन्न वर्षं सरली होती. बुधवारी चांदमारी, म्हणजे नेमबाजीची परीक्षा, होती आणि जमादार अण्णाजींनी आधीच ऐकवलं होतं, "कवडू, गोळी नाई उडली तं घरी जाऊन जात्याचा पहारा करजो."

पहाऱ्यावर चार माणसं, चार रायफली. कवडूनं काडतुसं बदलून पाहिली, स्प्रिंग चेपून पाहिली. शेवटी रविवारी त्यानं बोल्ट काढून भाकरीच्या फडक्यात गुंडाळला आणि पिपरीला घरी आणला. चौघांपैकी दारावर उभ्या असलेल्या तानबानं पाहिलं आणि पाठ वळवली. बोल्ट बाहेर नेणं हा मोठा गुन्हा. नेणारा जातो, नेऊ देणाराही जातो.

त्याची बायको मनकर्णा चुलीपाशी होती. तिनं बोल्ट हातात घेतला, अंगठा फिरवला, वास घेतला.

"हे तं जवसाचं तेल व्हय."

"मंग? सरकारी तेल चार महिन्यांपासून आलं नाई. पल्टणीत जवसाचंच लावत व्हतो."

"लाकडाले का लोखंडाले?"

कवडूला आठवलं. पल्टणीत ते तेल रायफलीच्या दस्त्याच्या लाकडाला चोळत. लोखंडाचं तेल वेगळं असे.

"माया तव्याले राह्यलं तं गोंदावानी चिकटते," मनकर्णा म्हणाली. "नखानं खरडा लागते. तुमच्या बोल्टाच्या पोटात कोणाचं नख जाईन?"

तीन महिन्यांपूर्वी दीक्षा घेतल्यावर रिकाम्या केलेल्या देव्हाऱ्याच्या कोनाड्यातून तिनं धुण्याच्या सोड्याची पुडी काढली. बोल्ट पातेल्यात सोड्याच्या पाण्यात उकळला. पाणी पिवळं होई, ती ते ओतून देई, पुन्हा उकळी. संध्याकाळपर्यंत पिन कडक आवाजात सुटू लागली.

कवडू हसला. मग मनकर्णानं विचारलं, "बाकीच्या तिघांच्या?"

त्यानंच चारही रायफलींना तेल लावलं होतं, तेही मोठ्या हौसेनं. बाकीचे पोरगे, त्यांना काय समजतं म्हणून.

"पुढच्या रविवारी एक आणीन."

"बुधवारी चांदमारी हाय न?"

"मंग अण्णाजीले काय सांगू? बोल्ट घरी नेला व्हता म्हणू? तानबाचं काय होईन?"

बुधवारी सकाळी गवतावर दव होतं. कवडूच्या दहाच्या दहा गोळ्या उडाल्या. तानबाची एकही उडाली नाही. उरलेल्या दोघांचीही गत तीच. चांदमारी पाहायला आलेल्या साहेबांनी अण्णाजींना तानबाचा बोल्ट उघडायला लावला. अण्णाजींनी बोट फिरवून नाकाशी नेलं.

"हे कोणं लावलं?"

तानबा खाली पाहत उभा राहिला. कवडू पुढे झाला. "म्या लावलं, साहेब. चारहीले."

"मग तुझीच रायफल स्वच्छ कशी?" साहेबांनी विचारलं.

उत्तर होतं, पण त्यात तानबा होता. आपली तेवढी नीट ठेवून दुसऱ्यांच्या खराब केल्या, असं साहेबांनी लिहून घेतलं.

दुपारी कवडू घरी आला. पट्टा, टोपी तिथेच जमा झाली होती.

"तानबाले ठेवलं?" मनकर्णानं विचारलं.

"ठेवलं. पण माह्याशी बोलला नाई."

"त्याले समजलं असन."

"नसन समजलं. मले पाहून थुकला."

मनकर्णानं त्याच्यासमोर ताट सरकवलं. तो जेवला नाही. अंगातला खाकी सदरा काढून त्यानं घडी घातली. तो दोन दिवसांत धुऊन परत करायचा होता. वरच्या खिशाचं बटण तुटलेलं होतं. तिनं घडी मोडली, सुईत दोरा ओवला आणि बटण लावायला बसली.