वैभवीची माशी

देवासच्या कॉलेजात शिकवणाऱ्या वैभवीला हट्टी म्हणावं तर शब्द थिटा पडेल. दोन वर्षं ती एक उडती माशी घडवत होती. चार तांदळांच्या वजनाचं यंत्र. ड्रोन म्हटलं की सगळ्यांना गरगरणारी पाती आठवतात. पण यंत्र इतकं इवलं झालं की मोटरची निम्मी ताकद तिच्या स्वतःच्याच घर्षणात खलास होते. म्हणून हिच्या माशीला पंख होते. वीज मिळाली की एक पट्टी थरथरायची आणि पंख फडफडायचे. फडफड झकास, उड्डाणाच्या नावानं बोंब. माशी दर वेळी डावीकडे कलंडायची.

विभागप्रमुख वीरेंद्र सर वैतागले होते. "मॅडम, दसऱ्यानंतर मोटर लगा दो, नहीं तो प्रोजेक्ट बंद." पंख गेले तर माशीत उरलं काय? वैभवी दसऱ्याच्या सुट्टीला धारला आली, यंत्रासकट.

घरी शस्त्रपूजा मांडलेली. तलवारीशेजारी मिक्सर, इस्त्री, स्कूटरची किल्ली आणि माशीही. घरातलं कुठलंही हत्यार कुंकवावाचून राहता कामा नये, हा जमुनाबाई आत्यासाहेबांचा नेम. वैभवी आंघोळीला गेली तेवढ्यात त्यांनी उदबत्तीच्या काडीनं, अगदी जपून, माशीच्या उजव्या पंखावर ओल्या कुंकवाचा ठिपका दिला.

तो पाहून वैभवीचं डोकंच फिरलं. "आत्यासाहेब, त्याला धुळीचा कणसुद्धा जड होतो हो."

"तलवारीला चालतं, नि ह्याला नाही? मग लढायचं कसं त्यानं?"

पुसायला जावं तर पंख फाटणार. वाटोळं झालंच आहे तर होऊ दे, म्हणून तिनं रागारागानं बटण दाबलं. माशी गुणगुणली. कलंडली नाही. विजेची केसाएवढी तार ओढत पाटावरून सरळ उठली आणि झेंडूच्या माळेपाशी तरंगत राहिली.

वैभवीनं वाकून दोन्ही पंख निरखले, आणि चूक उमगली. उजवा पंखच जास्त जोर करत होता, आणि ती दोन वर्षं डाव्यातच दोष शोधत बसली होती. कुंकवाच्या वजनानं उजवा जरा मंदावला, दोघांची चाल जुळली. तिला हसू आवरेना, रडूही.

डावा पंख कोरा दिसतो म्हणून आत्यासाहेबांनी काडी पुन्हा कुंकवात बुडवली. वैभवीनं एका हातानं त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्यानं वीरेंद्र सरांना व्हिडिओ कॉल लावून फोन माशीकडे वळवला.

"सर, मोटर नहीं लगेगी."

सरांनी फोन डोळ्यांशी नेला. मग हळूच म्हणाले, "मॅडम, अभी उतारना मत."