बनुआत्यानं नेपाळातून आणलेली माळ

आमची बनुआत्या गेली. परवा दहावा झाला. तिचं नेपाळचं तेवढं सांगाय पायजे, कारन तसं दुसरं कुनी केलं नसतं.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली आत्या सोनईहून काशीला गेली. तिथं गाडीवाला म्हनला, एवढ्या लांब आलाच हाय तर नेपाळात पशुपतिनाथ बी करू. देश बदलला ते आत्याला मातीवरनं कळलं न्हाई, जेवनावरनं कळलं. दोनी टायमाला भात, आन भाजीला मव्हरीच्या तेलाचा वास. भाकरीबिगर तिचं प्वाट भरंना. तांदळाच्या पिठाची कड्यासारखी तळलेली रोटी मातर तिला गोड लागली. म्हनली, ही आपल्या अनारशाची चुलतभन हाय. संगं शेजारची रतनबाई हुती. तिनं दुधाचा वाळवलेला खडा घेतलेला, सकाळपासून चघळती तरी इरघळंना. आत्या म्हनली, "रतने, ऱ्हाऊ दी. नातवाला गोट्या खेळाय हुईल."

काठमांडूच्या बाजारात समदी तुटून पडली. कुनी नायलॉनचं पातळ घ्यायलंय, कुनी बॅटरी, कुनी थर्मास. आत्या एका मन्यांच्या दुकानाम्होरं थांबली ती हालंना. बारीक काचमनी, हिरवे, लाल, झुबक्यानं टांगलेले. तिला घरची सून दिसाय लागली, पुष्पावती. आत्याचा ल्योक गोरक्ष सालभरामागं इहिरीत पडून गेला, आन तरन्या पोरीचा गळा वसाड झाला. दारात कुनी आलं की ती आत पळायची. आत्या सोता बी तरुनपनीच इधवा झालेली, ती बी अशीच आत पळायची.

तिनं हिरवी माळ उचलली. रतनबाई कानाशी लागली.

"बनुआक्का, ही हितल्या सवाशिनी घालत्यात. गाडीवाल्यानं सांगितलं. त्यांचं मंगळसूत्रच म्हना की."

आत्यानं माळ परत टांगली आन लगीच फिरून उचलली. मग म्हनली, "त्यांच्यात असंल. सोनईत कुनाला ठावं हाय?"

"मला हाय की."

"तूच तेवढी."

रतनबाई पातळाच्या दुकानाकडं वळली. पर तिच्या पोटात बोलनं ऱ्हात न्हाई हे गावाला म्हाईत. परतीच्या वाटंवर आत्याचा डोळ्याला डोळा लागला न्हाई.

घरी आल्यावर मावंदं घातलं, यात्रा करून आलं की गावाला जेवाय घालत्यात ते. त्या दिशी आत्यानं सुनंच्या गळ्यात माळ घातली आन सांगितलं, काढायची न्हाई. पुष्पावती दाराआडूनच भांडी पुढं सरकवत हुती. तरी भावकीतल्या दगडाबाईला माळ दिसली. दगडाबाईच्या शब्दाम्होरं कुनी जात नसायचं. तिनं भर पंगतीत इचारलं, इधवा बाईच्या गळ्यात हिरवं कसं काय?

आत्यानं रतनबाईकडं बघितलंच न्हाई.

रतनबाईनं हातातला घास खाली ठिवला. "काकी, तिकडं रिकामा गळा घिऊन देवापुढं जात न्हाईत. परसाद हाय त्यो. मी बी माझ्या सुनांला आनल्यात."

रतनबाईनं नायलॉनच्या पातळाबिगर काय बी आनलेलं न्हवतं.

दगडाबाईनं भाकरी मोडली. मग म्हनली, परसाद असंल तर असू दी, आमटी गार व्हायलीय, वाढा की कुनीतरी.

आत्यानं सुनंच्या हातात आमटीचं भगुनं दिलं आन तिला पाठीवरनं हळूच पुढं लोटलं. पुष्पावती भाईर आली. पंगतीच्या त्या टोकापस्तोर वाढत गेली. दगडाबाईनं दोनदा वाढून घेतली.