माझ्या नावाने विकलेले कडकनाथ

या उन्हाळ्यात राणीखेत रोगाने माझं खुराडं रिकामं केलं, म्हणून झाबुआला जावं लागलं. हिंडायला नाही. स्वतःच्याच कोंबड्या परत आणायला.

ब्लॉगवर नवीन आलेल्यांसाठी सांगतो. मी इंदूरकडे सांवेरजवळच्या खेड्यात राहतो, सांवेर रोडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि घरामागे कडकनाथ जातीच्या कोंबड्या पाळतो. काळं पीस, काळा तुरा, काळी जीभ, आतलं मांससुद्धा काळं. बरीच वर्षं निवडून निवडून मी एक वंश राखला, इकडे आम्ही त्याला लाइन म्हणतो. बारीक हाड, आवळ अंग, उचललेली शेपटी. पाळणाऱ्यांची एक रीत असते: आपल्या लाइनची एक जोडी दुसऱ्याच्या घरी ठेवायची, म्हणजे इकडे रोग आला तरी तिकडे वंश राहतो. माझी जोडी होती झाबुआला, साडू प्रकाशरावांकडे. बाहेरचा नर लावायचा नाही, एवढीच अट. तेव्हा छातीवर हात ठेवून ते म्हणाले होते, "भाऊ, तुमची अमानत आहे ही."

इंदूरहून झाबुआची बस गंगवाल स्टँडवरून मिळते. तिकीट अडीचशेच्या आसपास, वेळ चार तास धरा. निघण्याआधी स्टँडसमोर पोहे खाऊन घ्या, शेव आणि वरून भुरभुरायचा जीरावण मसाला मागून. मांडीवर माझी रिकामी बांबूची टोपली. कंडक्टर तिच्याकडे बघून म्हणाला, "भिया, अभी टोकरी फ्री है. वापसी में मुर्गी बैठी तो आधा टिकट लगेगा."

"खिडकीवाली सीट देगा तो पूरा दूँगा," मी म्हणालो. मागची बाकं हसली. जाताना माझा मूड असा होता.

धारपर्यंत रस्ता तुळतुळीत आहे. पुढे माछलिया घाटात सागाच्या टेकड्या लागतात आणि वळणांवर पोटातले पोहे हलतात. झाबुआत उतरल्यावर दाल-पानिये खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. मक्याच्या पिठाची जाड भाकरी रुईच्या पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजतात. पोट भरतं आणि शंभर रुपयेही लागत नाहीत.

साडूंचं घर मेघनगरच्या रस्त्यावर आहे. माझी मेहुणी लता दारातच भेटली, ताईची, म्हणजे माझ्या बायकोची, चौकशी केली, पाणी दिलं. प्रकाशराव मला थेट मागे घेऊन गेले. तिथे नवी पत्र्याची शेड उभी होती. त्यांनी एक कोंबडा उचलून माझ्या हातात ठेवला.

"वजन बघा भाऊ! तुमच्या जुन्या कोंबड्यांत काय होतं? हड्डी का ढांचा."

कोंबडा देखणा होता, नाही म्हणत नाही. पण हाताला तो परका लागला. छाती ब्रॉयलरसारखी रुंद, पायांच्या नळ्या जाड. चोच उघडली तर जिभेच्या मुळाशी गुलाबी झाक.

"हा कुठून आला?"

"तुमच्याच मादीचा नातू. नर तेवढा बाहेरचा लावला. तोही काळाच होता ना!"

इथे थोडं थांबून सांगतो, कारण याच ठिकाणी लोक फसतात. काळा रंग म्हणजे वंश नाही. मिश्र रक्ताची पहिली पिढी बहुतेक काळीच निघते. खरं रूप नातवंडांत उघडं पडतं. कुणाचे पाय पिवळट, कुणाचं कातडं गोरं. तोवर विकणारा पैसे मोजून मोकळा झालेला असतो आणि घेणाऱ्याच्या अंगणात ना गावठी ना कडकनाथ असलं काहीतरी दाणे टिपत फिरतं. अंग बघून कोंबडी निवडा, जरूर निवडा, पण आधी तिचे आईबाप विचारा.

"माझा नर कुठाय?" मी विचारलं.

प्रकाशराव हसले. "दिवाळीला पाहुणे आले होते हो."

खाल्ला! बरीच वर्षं निवडून काढलेला नर यांनी दिवाळीच्या पाहुण्यांना वाढला आणि वर हसून सांगितलं. माझी मादी तेवढी कोपऱ्यात सापडली. पिल्लू असतानाच डाव्या पंजाच्या पडद्याला मी बारीक छिद्र पाडून ठेवतो, त्यावरून ओळखली. पिसं झडलेली, तुरा लोंबलेला, छातीचं हाड वाकडं. त्या शेडमधला सगळ्यात कुरूप पक्षी. आणि अस्सल रक्ताचा तेवढाच.

रात्री कसाबसा जेवलो. सकाळी आंघोळ करून मल्हारीचं नाव घेतलं आणि एकच मागितलं, माझी जीभ आवर. मादी घ्यावी आणि निघावं, असंच ठरवलं होतं.

तेवढ्यात दारात पिकअप थांबली. रतलामकडचा एक गृहस्थ उतरला. साधा माणूस वाटला, नवी शेड बांधून पहिल्या कोंबड्या घ्यायला निघालेला.

"सांवेरवाले भिया की लाइन यही है ना? उनका नाम सुनके आया हूँ."

"हंड्रेड परसेंट," प्रकाशराव म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. गप्प राहा, असं ते पाहणं होतं. लता चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी.

म्हणजे रक्त बाटवलं ते बाटवलं, वर ते माझ्या नावावर विकत होते! मी कुणाला पिल्लू दिलं तर ते काय आहे ते स्पष्ट सांगून देतो. लोक त्या शब्दावर विश्वास ठेवून लांबून येतात.

"सांवेरवाला मैं हूँ," मी म्हणालो. "ये मेरी लाइन नहीं है. खाने को अच्छी है, नस्ल के लिए मत लेना."

तो गृहस्थ एकदा माझ्याकडे, एकदा साडूंकडे बघत राहिला. मग चहा न घेता गाडीत जाऊन बसला. रिकामी पिकअप वळली तसे प्रकाशराव ओरडले, "माझ्या घरात बसून, माझीच पोळी खाऊन, माझं गिऱ्हाईक तोडलंत? काळी तर आहे ना कोंबडी! और क्या चाहिए लोगों को?"

"खरं पाहिजे," मी म्हणालो. टोपलीत मादी ठेवली आणि निघालो. लताने ट्रे ओट्यावर ठेवला आणि ती आत गेली.

परतीच्या बसमध्ये कोंबडीचं तिकीट कुणी मागितलं नाही. माझा चेहराच तसा असणार.

आता घरी येऊन महिना झाला. म्हातारी अधूनमधून अंडं देते. जोडीला नर नाही, म्हणून ती अंडी आम्ही खातो. पिल्लांसाठी फोन येतात. नाहीत, असं सांगतो.

बायकोला सगळं सांगितलं तेव्हा तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचं खरं होतं. पण गिऱ्हाइकासमोर बोलायची गरज होती का?"

मी खूप विचार केला. प्रकाशरावांना एकांतात चार शब्द सुनावले असते, तर तो माणूस माझं नाव आणि त्यांची कोंबडी, दोन्ही गाडीत भरून घेऊन गेला असता.

"होती," मी म्हणालो.

हल्ली लताचा फोन आला की बायको उठून अंगणात जाते आणि तिथे बोलते. मी आत देवघरातल्या टाकांपुढे दिवा लावतो, हात जोडतो. राग अजून गेलेला नाही. जावा, असं मागतही नाही.