अकरा पावलांचा पॅसेज

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते दुकानातल्या मास्तरांनी ठेवलं, कारण तोंडात चार टाचण्या धरल्याशिवाय तिचा हात कापडावर चालत नसे, आणि टाचण्या तोंडात असताना माणूस बोलणार तरी काय? दुकान होतं अल्टरेशनचं. नवीन काही शिवायचं नाही. लोकांचे जुने कपडे सैल करायचे, आत घ्यायचे, उंची कमी करायची. लग्न मानवलं की माणूस तिच्याकडे येई, प्रेमभंग झाला की पुन्हा येई, आणि मास्तर नुसती कंबर मोजून कुणाच्या घरी काय चाललंय ते सांगत.

दुपारी इस्त्रीच्या वाफेत उभी राहिली की टाचणी हरवायची. वाफेतून एखादा कोट बाह्या पसरून उठायचा, खुंटीवरच्या झग्याला हळूच काहीतरी विचारायचा, आणि झगा कधी मान हलवतोय याची वाट बघत ही तिथेच.

"गेलीस का परत?" मास्तर विचारत. "कॉलर जळेल. स्वप्नं बघायची तर पडद्यांना इस्त्री करताना बघ. पडद्यांना वेळ असतो."

घरी मात्र तिला बोलावंच लागे, तेही दोघांच्या वाटचं. मोठा भाऊ चार वर्षांपूर्वी बाबांशी भांडून घर सोडून गेला, त्या दिवशी आई बाबांना म्हणाली, "तुम्हीच घालवलंत त्याला." बाबा म्हणाले, "मग माझ्याशी बोलूच नकोस." आता अशी वाक्यं घरोघरी आठवड्याला एकदा होतात आणि जेवणाच्या पानावर विरघळतात. पण ही दोघं शब्दाची पक्की निघाली. आई स्वयंपाकघरात, बाबा पुढच्या खोलीत, मध्ये अकरा पावलांचा पॅसेज आणि त्यातून निरोप वाहणारी टाचणी. शेजारीण या अबोल्याची तीन कारणं सांगे. त्यातलं एकही हे नसे, पण तिन्ही ऐकण्यासारखी.

"तुझ्या बाबांना सांग, चष्मा बाथरूममध्ये सापडला. पुढच्या वेळी डोकंच ठेवून या म्हणावं तिथे."

पॅसेजच्या छताला एक काच होती. तिच्यातून विरलेल्या मलमलीसारखा उजेड खाली उतरायचा, आणि त्यात चालताना आपले पाय जमिनीला लागतायत की नाही, हे टाचणीला कळायचं नाही. सहाव्या पावलाशी तिला वाटे, हे वाक्य खांद्यात जरा आवळतंय. मग आठव्यापर्यंत ती ते उसवी, दहाव्यापर्यंत मोकळं करून पुन्हा टाका घाली.

"आई म्हणते, चष्मा सापडला. डोळ्यांना जपा."

"तिला सांग, उपदेश नकोत," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणत, आणि स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्याचं "थँक्यू म्हणालेत" झालेलं असे.

पुढे पुढे तर तिला कुणी पाठवायचीही गरज उरली नाही. बाबांना तिने सांगितलं, आईला तुमचा निळा शर्ट फार आवडतो. आईला सांगितलं, तू गुणगुणलीस की बाबांना बरं वाटतं. दोघांपैकी कुणीच असलं काही म्हणालं नव्हतं. पण बाबा तेव्हापासून दिवसाआड निळे, आणि सुराशी जिचा सात जन्मांत संबंध नाही ती आई भांडी घासताना गुणगुणू लागली. अशी दोन वर्षं गेली. टाचणीला वाटे, घर आता बऱ्यापैकी अंगाला बसलंय.

मग मास्तरांनी एक उद्योग केला. दूरच्या शहरातल्या एका नाटकमंडळीच्या कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी तिचं काम गुपचूप पाठवलं होतं. आता तिकडून बोलावणं आलं: दोन वर्षांचं शिक्षण, राहायची सोय, शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा.

"टाके बघून पसंत केलंय त्यांनी," मास्तर म्हणाले. "तोंडात टाचण्या धरून बोलताना तुला ऐकलं नाही, ते बरंच झालं."

तिला जायचं होतं. इतकं, की वाफेतले कोट आता तिच्याकडेच बघून हात हलवत. पण घरातलं दुसरंही मूल निघणार, आणि मागे पॅसेजमधून चालणार कोण?

बुधवारी तिने आईला सांगितलं. आईचा डाव पातेल्यातच थांबला.

"तुझ्या बाबांना विचार. आणि सांग त्यांना, हीपण गेली तर मी भिंतींशी बोलू का."

टाचणी निघाली. सहावं पाऊल आलं. तिला काय अवघड होतं? बाबांना सांगायचं, आई म्हणते जाऊ द्या. आईला सांगायचं, बाबा जा म्हणाले. दोन टाक्यांचं काम. पण हे वाक्य दुसऱ्या कुणाचं नव्हतं, तिला स्वतःलाच घालून जायचं होतं, आणि खोट्या मापाचं तिला नको होतं. पुढे पाऊल पडेना, मागेही फिरवेना. ती तिथेच उजेडात खाली बसली.

पॅसेजमधला पावलांचा आवाज थांबला.

"काय म्हणाली गं?" पुढच्या खोलीतून आलं.

"काय म्हणाले?" स्वयंपाकघरातून आलं.

टाचणी गप्प. शेवटी दोन दारांतून दोन डोकी बाहेर आली. बाबांनी खाली लेकीकडे पाहिलं आणि मग, इलाजच नाही म्हणून, वर बायकोकडे.

"ही बोलत का नाहीये?"

"मला काय विचारता? तुमच्याकडेच पाठवली होती."

चार वर्षं संपली ती अशी, काहीही शोभा नसलेल्या वाक्याने. दोघंही जरा ओशाळली.

"काय सांगून पाठवली होतीस?"

"हीपण गेली तर मी भिंतींशी बोलू का."

बाबांनी दाराची चौकट धरली. "भिंतींशी कशाला. रोज गुणगुणतेस की."

"तुम्हाला बरं वाटतं म्हणून."

"मला? अगं, मी कानात कापूस घालून बसतो."

"आणि तुमचा तो निळा शर्ट. बघवत नाही मला."

"तुला आवडतो म्हणून तर–"

दोघांनी एकदमच खाली पाहिलं. मग टाचणीला जी बोलणी बसली, ती अर्धा तास चालली. एकाने सुरू केलेलं वाक्य दुसऱ्याने पुरं करायचं, एक दमला की दुसऱ्याने उचलायचं. टाचणी मान खाली घालून ऐकत होती, आणि इतकं गोड काही तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग आई तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "जाऊ द्यायचं का हिला?" तिने विचारलं, थेट नवऱ्याला.

बाबांनी छताच्या काचेकडे पाहिलं. "त्याला मी नाही म्हणालो, तो गेलाच. हिला हो म्हणून बघू. हो म्हटलेली मुलं परत येतात, असं ऐकलंय."

"कुणाकडून? चार वर्षांत तुमच्याशी बोललंय कोण?"

शुक्रवारी टाचणीने होकार कळवला. रविवारी दोघं तिला बसवर सोडायला आली, आणि फलाटावर उभी राहून एकमेकांशी इतकी बोलायला लागली, की बस हलली तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही. हात वर झाले तेव्हा बस वळणावर होती. काचेपलीकडे दोघांचे ओठ अजून हलत होते. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं, आणि टाचणीने ते मनाशी जुळवूनही पाहिलं नाही. तिने डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले.