नसलेल्या पोर्टची शोधाशोध

बिदरच्या ऑफिसात मी मोबाइल टॉवरच्या दुरुस्तीचं काम बघायचे, तेव्हाची ही गोष्ट. औरादमधल्या एका घराच्या गच्चीवर आमचा टॉवर होता आणि त्याच्या पेटीतलं घड्याळ अधूनमधून रुसायचं. टॉवरांना आपापली वेळ एकमेकांशी फार बारीक जुळवून ठेवावी लागते. त्यासाठी ही पेटी दोघांना वेळ विचारते, एक जमिनीखालून आलेली केबल आणि दुसरे आकाशातले उपग्रह. केबलसाठी पेटीला खरोखरचं भोक असतं, त्याला पोर्ट म्हणायचं. उपग्रहांची वेळ गच्चीवरच्या अँटेनातून वेगळ्या वाटेनं आत येते, तिला असा पोर्ट नसतो. पण कुणाची वेळ खरी मानायची हे ठरवताना सगळे एकाच रांगेत उभे हवेत, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये तिलाही नंबर देऊन एक पोर्ट आहे असं धरून चालतात. हा व्हर्च्युअल पोर्ट.

तर हा धरून चाललेला पोर्ट त्या दिवशी बंद पडला. आम्ही गच्चीवर पोचलो तोच कंट्रोल रूममधल्या नव्या मुलीचा फोन आला.

"मॅडम, व्हर्च्युअल पोर्टची केबल काढून परत लावा."

"त्याला केबल नसते."

"एकदा लावून तर बघा."

माझ्याबरोबर आमचे टेक्निशियन होते, वयानं मोठे, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणायचे. हे बोलणं ऐकून त्यांनी टॉर्च काढला आणि पेटीच्या मागं डोकं घातलं.

"अण्णा, तो पोर्ट नाहीच आहे."

"न्हाई तर बंद कसा पडला?"

मी त्यांना रांगेचं, धरून चालण्याचं, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "व्हय," म्हणाले, "पण नसलेल्याला नंबर कामून दिलात?" आणि पुन्हा वाकून शोधायला लागले. काय सांगू, थोड्या वेळानं मीही त्यांच्याशेजारी वाकले.

तेवढ्यात घरमालकीण अक्का वर आल्या. "काय हुडकायलात?"

"पोर्ट हुडकायलोत, अक्का," अण्णा म्हणाले.

"हरवलंय का?"

"न्हाई. पहिल्यापासून न्हाईच ते."

अक्कांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "उन्हात लई येळ झाला तुम्हाला," म्हणाल्या. "जेवूनच जावा."

अँटेना मी आल्या आल्या तपासली होती, असं माझं मत होतं. म्हणजे तिची वायर कठड्यापर्यंत गेलेली पाहिली होती. कठड्यावर धुतलेली भांडी पालथी घालून वाळत ठेवलेली होती, त्यांच्यामागं अँटेना असणार, एवढ्यावर माझं समाधान झालं होतं. अक्कांनी जाताना त्यातलं मोठं भगुनं वरणासाठी उचलून नेलं.

थोड्या वेळानं फोन वाजला. "मॅडम, पोर्ट चालू झाला. काय केलंत?"

आम्ही काहीच केलं नव्हतं. मी वळून कठड्याकडं पाहिलं. जिथं भगुनं होतं तिथं आमची पांढरी, गोल अँटेना लखलखीत उभी होती.

मी खाली स्वयंपाकघरात गेले. अक्का तुरीची डाळ धूत होत्या. भगुन्याचं विचारलं तर त्यांनाच आश्चर्य वाटलं. "तुमच्याच माणसानं बसवताना सांगितलं, ह्याला जपा म्हणून. उन्हानं तडकंल, कावळा बसंल. म्हणून ऊन लई असलं की मी झाकायले. पाहुणे आले की तेवढं काढते."

"अक्का, तिला आभाळ दिसावं लागतं."

"दिवसा पण?"

"दिवसा पण."

त्या विचारात पडल्या. "मग पातळ साडी टाकू का वरून?"

फोन अजून चालूच होता. कंट्रोल रूमच्या मुलीला कारण हवं होतं. मी सांगितलं, अँटेनावर अडथळा होता. झाड का, तिनं विचारलं. नाही. नवी इमारत? नाही. मग मी सांगितलं, भगुनं. पलीकडं टाइप करण्याचा आवाज आला, मग थांबला.

"मॅडम, हे कुठल्या कंपनीचं येतं?"

मी अक्कांना विचारलं.

"उदगीरच्या बाजारातलं हाय," अक्का म्हणाल्या. "ॲल्युमिन्याचं. त्यांना पायजे का?"

मुलीनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. आम्ही हात धुऊन पानावर बसलो. वरण फारच छान झालं होतं, अण्णांनी दोनदा मागून घेतलं.