पांढऱ्यात काय दडलंय

बालवाडीत नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. मेणखडूच्या डागांसारखे ते पदराला चिकटून घरी येतात आणि धुतले तरी जात नाहीत. बोरिवलीच्या आमच्या बालवाडीतले माझे निम्मे डाग एकट्या कुसुमचे. वय चार-साडेचार, आणि एका जागी बूड टेकेल तर शपथ.

त्या वर्षी थंडी सरता सरता संस्थेचे अध्यक्ष भेटीला येणार होते. आमच्या मुख्याध्यापिका सुमतीताईंनी ठरवलं, मुलांनी पानगळीची चित्रं काढायची. चित्रं भिंतीवर लागेपर्यंत ताईंना चैन नव्हतं, आणि त्यांच्यामुळे मलाही.

*

ताईंच्या भावानं परदेशातून कॅलेंडर आणलं होतं. लालभडक झाडांचं रानच्या रान. ते भिंतीला टांगून मी मुलांपुढे रंगाच्या पाण्याच्या वाट्या ठेवल्या. वळते तोच कुसुमनं आपली वाटी कॅलेंडरवर भिरकावली.

ताई धावत आल्या. "काय केलंस हे?"

"झाडांना आग लागलेली."

ताईंनी गळतं कॅलेंडर हातात घेतलं. त्यांचा आवाज चढणार, एवढ्यात कुसुमनं काळजीनं विचारलं, "विझली का?"

*

माझ्या जोडीला एल्सी होती. रोज मनोरीहून होडीनं खाडी ओलांडून यायची. ती म्हणाली, "परदेशातली झाडं कशाला पाहिजेत गं? आपला अंगणातला बदाम बघ ना, लाल झालाय."

मुलांनी बदामाची पानं वेचून ओट्यावर ढीग घातला. पान कागदाखाली ठेवायचं, वरून मेणखडू घासायचा, की शिरा उमटतात. मी कागद आणायला आत गेले. परत येते तर शेजारची शेळी ढिगात तोंड घालून उभी, आणि कुसुम मांडी घालून तिला भरवतेय. तिला इतकी शांत बसलेली मी प्रथमच पाहत होते.

"अगं, वाट लावलीस सगळ्याची," मी म्हणाले.

"पिवळीच दिली बाई. लाल तिखट असतात ना."

*

खडूंच्या डब्यात एकच खडू नेहमी अख्खा उरतो, पांढरा. एल्सीनं तो घेतला आणि पांढऱ्या कागदावर काहीतरी गिरवलं. मुलांना काहीच दिसेना. मग तिनं वरून नारिंगी पाण्याचा कुंचला फिरवला. मेणावर रंग बसेना, आणि कागदभर पांढरी पानं उमटली.

कुसुम नाक टेकवून बघत राहिली. "ही आधीपासून आत होती?"

"हो. रंग लावल्याशिवाय दिसत नाहीत," एल्सी सहज बोलून गेली.

त्या दिवसापासून कुसुमच्या हातून कुंचला सुटेना. भिंत रंगवून झाली, माठावरचं फडकं रंगवून झालं. मी तिच्यामागे नुसती धावत होते.

*

अध्यक्ष आले. कडक इस्त्रीचं पांढरंशुभ्र धोतर. खुर्चीवर बसून ते शिस्तीवर बोलू लागले. मी मुलं मोजत होते. एक कमी भरलं. बघते तो कुसुम खुर्चीमागे उकिडवी. धोतराचा सोगा नारिंगी झालेला.

"बाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "यांच्यात काहीच नाही."

अध्यक्ष गेल्यावर ताई म्हणाल्या, "उद्या हिच्या आईला बोलाव. ही मुलगी मला नको."

कुसुमची आई औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुवायची. नवरा गिरणीत होता, आदल्या वर्षीच वारलेला. पोरीला दिवसभर ठेवणार कुठे?

*

दुसऱ्या दिवशी आई आली. तरुण बाई, मालवणकडची. अंगावर पांढरं लुगडं. ताई एकेक तक्रार सांगत होत्या आणि ती मान खाली घालून ऐकत होती. कुसुमकडे आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं.

ताई मधेच थांबल्या, म्हणून मी पाहिलं. आईचं लुगडं काठापासून गुडघ्यापर्यंत नारिंगी, ओलंचिंब. एल्सी कुंचला हिसकायला धावली. आईनं हातानंच तिला थांबवलं. निऱ्या उचलून ती त्या रंगाकडे कितीतरी वेळ बघत राहिली. कुसुमही वाकून बघत होती.

"काय दिसता गो?" आईनं विचारलं.

"अजून काय नाय."

आई वळली आणि लेकीकडे पाठ करून उभी राहिली.

"मग पाठीर बघ," ती म्हणाली.

वाटीतला रंग संपत आला होता. ताईच उठल्या आणि भरून घेऊन आल्या.