बडीशेपेचं औषध

दवाखान्यातले कंपाउंडर मुलांची कडू औषधं पाकात घोळून गोड करत, म्हणून सगळे त्यांना पाककाका म्हणत. ते निवृत्त झाले आणि काकू आजारी पडल्या. गोळी काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना. डॉक्टर म्हणाले, "काका, पातळ औषध तुम्हीच करून द्या."

काकांनी संत्र्याच्या अर्कात औषध केलं, तर काकूंनी तोंड वाकडं केलं. वेलची घातली, तीही नको. काका रडकुंडीला आले. "अगं, तुला आवडतं तरी काय?"

काकू क्षीण आवाजात म्हणाल्या, "उभ्या संसारात पहिल्यांदाच विचारलंत."

काका ओशाळले. जवळ बसून म्हणाले, "सांग आता."

"बडीशेप."

दुसऱ्या दिवशी काकूंनी चमचा चाटूनपुसून घेतला. तेव्हापासून भाजी कुठली करायची, हेही काका विचारूनच ठरवू लागले.